राज्य नाट्य, पुरुषोत्तम की खुली एकांकिका: तुमच्या ग्रुपने कुठे उतरावं?

पावसाळा लागला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ग्रुप जमलाय, संहिताही मिळालीये. कुठल्या नाट्यस्पर्धेत उतरू?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: यातले अजून कॉलेजात किती आणि नोकरीला लागलेले किती? निम्मा निर्णय तिथेच होतो.

सगळे एकाच कॉलेजचे असतील, तर पुरुषोत्तम करंडक सोडून आधी दुसरीकडे बघूच नका. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. इथे भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. झगमगीत सेट आणि लाइट्सच्या जोरावर इथे नंबर काढता येत नाही. दोन लेव्हल (स्टेजवरचे लाकडी चौथरे) आणि एका खुर्चीवर अख्खं गाव उभं करणाऱ्या, खिसा रिकामा असलेल्या पोरांच्या हे पथ्यावरच पडतं. पण संघ कॉलेजचा, म्हणजे गेल्या वर्षी पास होऊन गेलेला तुमचा हुकमी नट स्टेजवर चढणार नाही. तो तालमीत येऊन बसेल, नको तेवढ्या सूचना देईल, आणि स्पर्धा भरते त्या भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' ओरडून घसा बसवून घेईल. परीक्षकही मुरवत ठेवत नाहीत. २०२२ मध्ये पुण्याच्या अंतिम फेरीनंतर त्यांनी करंडक एकाही संघाला दिला नाही.

राज्य नाट्य हा वेगळाच संसार आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेला कॉलेजची अट नाही. बँकेतला कॅशियर, शाळेतल्या बाई, रिटायर झालेले काका, सगळे एका नाटकात चालतात. नाट्यगृहाच्या भाड्याचा बोजाही संघावर पडत नाही. मात्र एकांकिकेवर भागत नाही, पूर्ण लांबीचं नाटक लागतं. आणि कागद लागतात. प्रवेशिका संस्थेच्या नावाने. चार मित्र जमले म्हणून फॉर्म भरता येत नाही. लेखकाची लेखी परवानगी हवी. शिवाय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला नाटकवाले अजूनही सरळ 'सेन्सॉर' म्हणतात.

या सेन्सॉरमध्येच नवे ग्रुप अडकतात. नवी संहिता तालमीत रोज बदलते. दुसऱ्या अंकाचा शेवट तर आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. मंडळाला मात्र पूर्ण लिहिलेली संहिता लागते, आणि प्रमाणपत्र मिळतं ते त्या लिखित संहितेला. म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्यांना मी आधी प्रयोग झालेलं, प्रमाणपत्र असलेलं नाटक घ्यायला सांगतो. लेखक ग्रुपमधलाच असेल तर त्याला हे आवडत नाही, हे मला माहीत आहे.

राज्य नाट्यचं दुसरं दुखणं नियमावलीत नाही, कॅलेंडरमध्ये आहे. जवळच्या केंद्रावर प्राथमिक फेरी होते, नंबर येतो, पेढे वाटले जातात. अंतिम फेरी नंतर कधीतरी, बहुधा दुसऱ्या शहरात. तोवर नायिकेची बदली झालेली असते आणि सेट कुणाच्या तरी गच्चीवर भिजत असतो. नोकरदार माणसं दोनदा रजा काढतील का, हे फॉर्म भरण्याआधी एकेकाला तोंडावर विचारा. "बघू रे" म्हणणारा येत नाही.

खुल्या, म्हणजे कॉलेजचं बंधन नसलेल्या, एकांकिका स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात आणि दर आयोजकाची नियमावली निराळी. कुठे प्रवेश फीसोबत अनामत, कुठे नवीन संहितेचीच अट, कुठे आधी वाचन किंवा व्हिडिओवरून निवड. एक कलम मात्र सगळीकडे दोनदा वाचा: वेळ. नुसतं '४५ मिनिटे' वाचून भागत नाही. घड्याळ तिसऱ्या घंटेला सुरू होतं की पडदा उघडल्यावर? नेपथ्य लावायची आणि काढायची मिनिटं त्यात धरली आहेत की वेगळी? एका स्पर्धेत आमचं रंगीत तालमीतलं टायमिंग चोख होतं. प्रयोगाला तिसरी घंटा झाली आणि पोरं विंगेत कंदिलाची काच शोधत होती. काच सापडली, पण दोन मिनिटं गेली. शेवटच्या प्रवेशात टाळ्या पडल्या आणि निकालात आम्ही वेळ ओलांडली म्हणून बाद. आयोजकांवर चिडलो होतो. नियम पानाच्या मागच्या बाजूला छापलेला होता.

प्रवासाचा खर्चही खुलीतच बोकांडी बसतो. टेम्पोत मावेल एवढाच सेट करा, ही माझी सरळ अट. मात्र खुलीत पहिला नंबर काढला तर चतुरंग प्रतिष्ठानच्या सवाई एकांकिकेचं दार उघडू शकतं. तिथे वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच घेतात, आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री अंतिम फेरी पहाटेपर्यंत रंगते.

परवा फोन केलेल्या मुलाच्या ग्रुपात सात नोकरदार आणि तीन वेगवेगळ्या कॉलेजांची चार पोरं. म्हणजे पुरुषोत्तम बाद. संस्था नाही आणि संहिता चाळीस मिनिटांची, म्हणजे राज्य नाट्यही बाद. त्याला म्हटलं, खुलीत जा, पण फी भरायच्या आधी परवानगीसाठी लेखकाला फोन कर. म्हणाला, "लेखकाचा नंबर कुठे आहे? संहिता तर व्हॉट्सअॅपवर आली."