गुणांवरून प्रवेशाची शक्यता सांगणारी १८ हजारांची सल्लासेवा

मुलीची वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा ४ मे २०२५ रोजी झाली आणि निकालाची वाट पाहण्याच्या काळातच आम्ही पुण्यातील एका खासगी प्रवेश-मार्गदर्शन केंद्राची सशुल्क सेवा घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इतर पालकांशी बोलल्यावर असे लक्षात आले की येथे सांगितलेले गुणदोष या एकाच केंद्राचे नाहीत. आम्ही घेतलेल्या पॅकेजची किंमत १८ हजार रुपये होती. त्यात गुणांवरून प्रवेशाच्या शक्यतेचा अहवाल, महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाची यादी, कागदपत्रांची तपासणी आणि प्रवेशाच्या सर्व फेऱ्या संपेपर्यंत फोनवर सल्ला, एवढ्या गोष्टी होत्या.

सुरुवात त्या अहवालापासून करतो, कारण सेवेची सगळी जाहिरात त्याच्याच जोरावर चालते. रंगीत छपाईचा हा अहवाल बारा पानांचा होता आणि त्यातील चार पाने मुलीच्या दहावी-बारावीच्या गुणांचे आलेख दाखवण्यात गेली होती. एमबीबीएसच्या प्रवेशात बारावीच्या गुणांचे काम फक्त पात्रतेपुरते असते. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के, तर मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्याला ४० टक्के गुण असले की तो उंबरठा ओलांडला जातो, आणि त्यापुढे ५५ टक्के असोत की ९५ टक्के, गुणवत्ता यादीत एका क्रमांकाचाही फरक पडत नाही. दोघांचे नीटचे गुण समान आले तरी आधी नीटमधील जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि नंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहिले जातात. बारावीची गुणपत्रिका तिथेही उघडली जात नाही. माझ्या पिढीत बारावीच्या एकेका गुणासाठी जीव टांगणीला लागत असे, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना हे पटायला वेळ लागला, आणि अहवालातील ती चार पाने बहुधा आमच्यासारख्यांच्या समाधानासाठीच असावीत.

खरी अडचण उरलेल्या आठ पानांत होती. १४ जूनला निकाल लागला. मुलीला ७२० पैकी पाचशेच्या थोडे वर गुण मिळाले होते. दुसऱ्याच दिवशी समुपदेशकाचा फोन आला आणि त्यांनी शासकीय महाविद्यालयाची आशा सोडा, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. त्यांच्यासमोर २०२४ सालचे कटऑफचे, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे, गुण होते आणि ते त्यांनी जसेच्या तसे लावले. २०२४ मध्ये सुमारे ३० हजार विद्यार्थ्यांना ६५० किंवा त्याहून अधिक गुण होते, तर २०२५ ची प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राचा भाग, इतकी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते आणि ६५० च्या वर अवघे ७३ जण होते. अशा दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत मोजणे आहे. तुलना करायची ती गुणांची नव्हे, अखिल भारतीय क्रमांकाची. मुलीचा क्रमांक ५० हजारांच्या आत होता आणि आदल्या वर्षी त्या क्रमांकावर कोणत्या महाविद्यालयांत प्रवेश झाले, हे राज्यातील प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाच्या फेरीनिहाय याद्यांत पाहता येते. हे काम शेवटी मी दोन रात्री बसून केले. समुपदेशकांना ते दाखवले तेव्हा त्यांनी ‘सुधारित अहवाल’ पाठवला, तोही आकडे बदलून फक्त तीन पानांचा.

मधल्या चार दिवसांत मात्र आम्हाला खासगी महाविद्यालयातील संस्था कोट्याच्या जागांचे, जिथे शुल्क राज्य कोट्यापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि परदेशातील एमबीबीएसचे असे दोन प्रस्ताव येऊन गेले होते. निराशेच्या फोनमागोमाग हे प्रस्ताव यावेत, हा योगायोग असेलही.

पर्सेंटाइलबद्दलही, म्हणजे शंभरातले किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत याबद्दलही, केंद्रातील तरुण कर्मचारी गोंधळलेले दिसले. एका पालकांना मुलाचे ९० पर्सेंटाइल म्हणजे ‘नव्वद टक्के, चांगलेच आहेत’ असे सांगताना मी समोर बसून ऐकले. परीक्षेला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसलेले असताना ९० पर्सेंटाइलचा अर्थ त्या मुलाच्या पुढे सुमारे दोन लाख वीस हजार विद्यार्थी आहेत असा होतो, आणि देशभरातील एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून सुमारे सव्वा लाख आहेत. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा २०२५ मध्ये १४४ गुणांवर आली आणि सव्वाबारा लाखांहून अधिक जण पात्र ठरले. पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांतील हे अंतर पालकांना पहिल्याच बैठकीत समजावून सांगायला हवे होते.

पसंतीक्रमाच्या यादीबाबत मला सर्वांत गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. पहिल्या यादीत मराठवाड्यातील आणि विदर्भातील जवळपास सर्व शासकीय महाविद्यालये गाळली होती. कारण विचारले तेव्हा ‘तिथे सत्तर टक्के जागा स्थानिकांना असतात’ असे उत्तर मिळाले. ७०:३० चे हे प्रादेशिक सूत्र सप्टेंबर २०२० मध्येच रद्द झाले आहे. आता राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी सबंध महाराष्ट्राची एकच गुणवत्ता यादी लागते आणि उरलेल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून स्वतंत्रपणे भरल्या जातात. ज्या सेवेचा व्यवसायच प्रवेशाचा आहे तिला पाच वर्षांपूर्वी बदललेला नियम ठाऊक नसावा, हे अक्षम्य आहे. याच यादीत पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय मात्र ठळक अक्षरांत होते. तिथे नीटनंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत असते, मुलींसाठी अवघ्या ३० जागा असतात आणि निवडीसाठी लागणारे गुण आमच्या मुलीच्या आवाक्याबाहेर असतात, यांपैकी काहीच सांगितले नव्हते.

आता ज्यासाठी पैसे वसूल झाले तो भाग. कागदपत्रांची तपासणी करणाऱ्या बाई अतिशय काटेकोर होत्या. डोमिसाइल प्रमाणपत्रावरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगचा एका अक्षराचा फरक होता; तो त्यांनी पहिल्याच नजरेत पकडला आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्याच संध्याकाळी पाठवला. शुल्क भरण्याच्या शेवटच्या तारखांची आठवण प्रत्येक वेळी वेळेवर आली. पहिल्या फेरीत खासगी महाविद्यालय मिळाले तेव्हा स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरू नका, हा सल्लाही याच बाईंनी दिला आणि त्यामागचे कारण शांतपणे समजावले. तो फॉर्म भरला की मिळालेली जागा कायम होते, पण विद्यार्थी पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडतो; न भरल्यास वरच्या पसंतीचे महाविद्यालय मिळताच आधीची जागा आपोआप जाते, म्हणून जिथे खरोखर जायचे आहे तेवढीच नावे वर ठेवावीत. आम्ही तसेच केले आणि पुढच्या फेरीत मुलीला मराठवाड्यातील शासकीय महाविद्यालय मिळाले, जे केंद्राच्या पहिल्या यादीत नव्हतेच.

ज्या पालकांना इंटरनेटवरील याद्या वाचण्याची सवय आहे आणि सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका सबंध वाचण्याची चिकाटी आहे, त्यांनी हे पॅकेज घेऊ नये. घरात असे कोणी नसेल, किंवा आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस यांसारख्या प्रमाणपत्रांची गुंतागुंत असेल, तर केवळ कागदपत्रांची तपासणी आणि तारखांच्या आठवणी एवढीच सेवा मागावी. केंद्रात ती ४ हजार रुपयांत स्वतंत्रपणे मिळते, मात्र दरपत्रकात ती छापलेली नाही, विचारावी लागते. पावतीसाठी आम्हाला तीनदा आठवण करावी लागली, आणि ती आली तेव्हा तिच्यावर सल्ल्याचा उल्लेख नव्हता, ‘शैक्षणिक साहित्य’ असे लिहिलेले होते.