टँग नॅनो ९के घ्यावं की यूपीड्यूनो?

नागपूरच्या सीताबर्डीत सेन्सर, रेझिस्टर, जंपर वायरी हातोहात मिळतात; टँग नॅनो ९के आणि यूपीड्यूनो यांसारखं एफपीजीए बोर्ड (ज्याच्या चिपमधलं सर्किट कोड लिहून हवं तसं जोडता येतं) मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं. म्हणून मागवण्याआधीच ठरवा: प्रोजेक्ट बॅटरीवर चालवायचा आहे की यूएसबीवर?

बॅटरीसाठी यूपीड्यूनो घ्या. त्यावरच्या आइस४० यूपी५के चिपमध्ये ५,२८० एलयूटी (लॉजिकचे छोटे ठोकळे) आणि १२८ केबी एसपीरॅम (चिपमधलीच मेमरी) आहे. क्लॉक थांबलेला असताना कोर साधारण ७५ मायक्रोअँपिअर घेतो. हा आकडा चिपचा आहे, बोर्डाचा नव्हे. बोर्डावरची यूएसबी सांभाळणारी एफटीडीआय चिप आणि एलईडी त्याच्या कैक पट करंट खातात. तेव्हा यूएसबीच्या वायरीत मीटर लावून चिपला दोष देऊ नका. चिप तशी संथ आहे, त्यामुळे १२ ते २४ मेगाहर्ट्झ धरून डिझाइन करा. एसपीरॅममध्ये बिटस्ट्रीममधून (चिपमध्ये भरायच्या डिझाइनच्या फाइलमधून) डेटा भरता येत नाही. सुरू झाल्यावर फ्लॅशमधून वाचून भरावा लागतो. आणि ऑसिलेटरचा सोल्डर जंपर जोडल्याशिवाय बाहेरचा १२ मेगाहर्ट्झ क्लॉक पिन २० वर येतच नाही.

स्क्रीनवर चित्र काढायचं असेल तर टँग नॅनो ९के. ८,६४० एलयूटी, ६४ मेगाबिट पीएसरॅम (जास्तीची मेमरी), एचडीएमआय आणि २७ मेगाहर्ट्झ क्लॉक, सगळं बोर्डावरच. शिकायला पहिलं बोर्ड म्हणून आमची पसंती यालाच. दोन ठिकाणी मात्र नवखे हमखास अडकतात. एक, एलईडी ० दिल्यावर पेटतात. दोन, बोर्डात डिझाइन भरणाऱ्या ओपनएफपीजीएलोडर या प्रोग्रामला ‘-f’ दिलं नाही तर डिझाइन फक्त एसरॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) जातं आणि केबल काढली की गायब.

कोडपासून चिपसाठीचं डिझाइन बनवणारे योसिस आणि नेक्स्टपीएनआर हे प्रोग्राम दोन्ही बोर्डांसाठी चालतात.

समजा कूलरच्या टाकीतलं पाणी मोजायचं आहे. आवाज सोडून अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरचा इको (अंतर सांगणारा सिग्नल) ५ व्होल्टचा असतो आणि दोन्ही बोर्डांच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. इको आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये २ किलोओहम लावा, पिनवर ३.३ व्होल्ट येतात. एक सेंटिमीटर अंतर म्हणजे ५८ मायक्रोसेकंदांचा इको, म्हणजे २७ मेगाहर्ट्झवर क्लॉकचे १,५६६ ठोके आणि १२ वर ६९६. कोड एका बोर्डावरून दुसऱ्यावर नेताना हा आकडा बदलायचा राहिला तर टाकी दुपटीहून खोल किंवा निम्म्याहून उथळ दिसेल. शिवाय कूलरजवळ उन्हापेक्षा ओलावाच बोर्डाला जास्त खातो, म्हणून डबा घट्ट बंद होणारा घ्या आणि वायरीचं भोक खालच्या बाजूला पाडा.