कयाकवरून गरवायचंय? आधी ती उचलून बघा

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) घ्यायची म्हटलं की बोलणं लगेच पेडल, मोटर आणि फिशफाइंडरवर जातं. कोकणातल्या खाडीत गळ टाकणाऱ्याने त्याआधी एकच गोष्ट ठरवावी: ओहोटीला, पोटरीभर चिखलातून, ही वस्तू गाडीपर्यंत ओढणार कोण? सकाळी भरलेल्या पाण्यात सगळ्याच कयाक छान वाटतात. दुपारी बारा वाजता पाणी पन्नास पावलं मागे गेलेलं असतं आणि मध्ये नुसता गाळ असतो. माझ्या मते निवड तिथेच होते. वजन आधी, बाकीचं नंतर.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, ज्याने आजवर जेटीवरून किंवा पुलावरून कधीमधी गळ टाकला आहे आणि आता पाण्यात उतरायचं म्हणतो. दुसरा, ज्याला जिताडा कुठे थांबतो, तांबोशी कुठल्या खडकाआड बसते हे पाठ आहे, पण जो आजवर गरवला तो खडकावरून किंवा भाड्याच्या होडीतून. दुसऱ्याला वाटतं आपल्याला मोठीच कयाक हवी. बहुतेक वेळा नको असते.

आत बसायची की वर?

यावर फार वेळ घालवायला नको. सिट-इन, म्हणजे पोकळीत पाय घालून बसायची कयाक, वाऱ्यात उबदार राहते आणि सरळ पळते. थंड देशांत तिचं कौतुक योग्य आहे. आपल्याकडे ऊब कोणाला हवी आहे? ती उलटली तर आत पाणी भरतं आणि उपसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सिट-ऑन-टॉपचं अंग बंद असतं, वर आलेलं पाणी स्कपर नावाच्या भोकांतून खाली निघून जातं, आणि पडलात तरी पाण्यातून परत चढता येतं. चढायची पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: आधी पोट, मग बूड, मग पाय. मासेमारीसाठी सिट-ऑन-टॉपच घ्या.

फुगवायची की टणक?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला फुगवायची कयाक पटकन पटते. वजन साधारण १० ते २० किलो, पिशवीत घालून लिफ्टने नेता येते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून वाद नाही. डेकॅथलॉनच्या इटिविट कयाक याच जातीच्या. तळ्यात, धरणाच्या पाण्यात, निवांत सकाळी त्या उत्तम चालतात.

खाडीत मात्र कालवं असतात. जेटीचे खांब, जुने बांध, अर्धे बुडालेले खडक, सगळ्यावर कालवांचे कवच चिकटलेले असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी असते. लाटेने एकदा घासलं तरी पुरे. त्यात तीन काट्यांचा ट्रेबल हुक, काटेवाला शिंगाळा आणि कल्ल्याजवळ सुरीची धार असलेला जिताडा तुमच्या मांडीशेजारी तडफडणार. चांगल्या फुगवायच्या कयाकला दोन-तीन वेगळे कप्पे असतात, त्यामुळे ती एकदम बुडत नाही. पण वाऱ्याचा त्रास उरतोच. हलकी आणि उंच असल्यामुळे ती पानासारखी भरकटते, आणि गळ टाकून जागेवर थांबणं हेच तर इथे काम आहे.

टणक कयाक बहुतेक पॉलिएथिलीनच्या असतात, रोटोमोल्डिंगने केलेल्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्याही याच पद्धतीने बनतात, म्हणून तर वॉटर स्पोर्ट्सवाल्यांच्या कयाक वर्षानुवर्षं वाळूत घासूनही टिकतात. भारतातही त्या तयार होतात. तोटा एकच, ठेवायची कुठे. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. मारुती स्विफ्ट ३.८६ मीटर आहे, त्यामुळे टपावर बसते. पण टपावर चढवायची कोणी, हा प्रश्न पुन्हा वजनाचाच.

वल्हं की पेडल?

खरा पेच इथे आहे, आणि पैशांचा फरकही इथेच.

वल्ह्याच्या १२ फुटी मासेमारी कयाकचा नमुना म्हणून वाइल्डरनेस सिस्टिम्सची टार्पन १२० घ्या: लांबी १२ फूट ३ इंच, वजन ३० किलोच्या आसपास. पेडलवाल्यांत होबी आउटबॅक १२ फूट ९ इंच, ३४ इंच रुंद, सगळं जोडून ४५ किलोच्या पुढे. ओल्ड टाउनची स्पोर्ट्समन पीडीएल १२० ड्राइव्हसकट, म्हणजे पेडलच्या यंत्रणेसकट, ५० किलोच्या वर जाते. होबीची प्रो अँगलर १४ तर ६० किलोही ओलांडते. ती चिखलातून एकट्याने ओढण्याची कल्पना करून बघा. किमतीत अमेरिकेतच वल्ह्याची चांगली कयाक हजार डॉलरच्या आसपास मिळते, तर होबीची आउटबॅक तीन हजारांच्या पुढे जाते. आपल्याकडे आणायची तर जहाजभाडं आणि आयात शुल्क वेगळं.

एवढे पैसे लोक का मोजतात? हात मोकळे राहतात म्हणून. वल्ह्याच्या कयाकवर प्रत्येक वेळी वल्हं खाली ठेवायचं, रॉड उचलायचा, दोनदा कास्ट करायचं, म्हणजे गळ फेकायचा, तेवढ्यात प्रवाहाने जागा सुटते, रॉड ठेवायचा, पुन्हा वल्हं. पेडलवर पाय चालू ठेवून तुम्ही प्रवाहाविरुद्ध एका जागी उभे राहता आणि कांदळवनाच्या कडेने लूर (नकली आमिष) टाकत जाता. ट्रोलिंग करायचं असेल, म्हणजे लूर मागे सोडून हळूहळू जायचं, तर पेडलला तोड नाही.

पेडलचे दोन प्रकार. होबीची मिराज ड्राइव्ह, १९९७ सालापासूनची, पाय दाबले की खाली दोन पंख पेंग्विनसारखे हलतात. दुसरा प्रकार सायकलसारखा फिरवायचा, खाली पंखा. पंखवाली ड्राइव्ह उथळ पाण्यात तळाशी सपाट चिकटवता येते, पंखा तिथे वर उचलावा लागतो. पण पंख्याचं एक मोल आहे. पाय उलटे फिरवले की कयाक त्याच क्षणी मागे येते. मिराजमध्येही मागे जायची सोय असते, पण आधी दोरी ओढावी लागते. जिताडा किंवा तांबोशी गळाला लागली की पहिल्या दोन सेकंदांत ती मुळांत घुसायला बघते. तुम्ही किनाऱ्यावर असता तर पाय रोवून ओढलं असतं. इथे पाय रोवायला काही नाही, उलट मासाच तुम्हाला मुळांकडे ओढतो. त्या दोन सेकंदांत मागे येता आलं तर मासा तुमचा.

मग खाडीत पेडल घ्यावं का? खाडीच्या मुख्य पात्रात, खोल पाण्यात, हो. खाजणाच्या आतल्या अरुंद वाटांमध्ये, जिथे कोपराएवढंच पाणी आणि तळाला मुळं, तिथे वल्हंच बरं. शिवाय डोल जाळ्यांच्या, म्हणजे प्रवाहात लावून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या, आसपास पंख्यात दोरी किंवा जाळं गुंडाळलं गेलं तर तुमचं नुकसान आणि कोणाच्या तरी पोटावर पाय. कोळ्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा, ही गोष्ट कयाक कुठलीही असली तरी लागू.

मोटर हा तिसरा पर्याय. १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर बसवता येते, पण बॅटरीचं वजन, खाऱ्या पाण्याचा त्रास आणि नोंदणीचा प्रश्न एकदम येतात. उतरण्याआधी मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारा. पहिल्याच वर्षी मोटर घेणाऱ्याला मी तरी परावृत्त करीन.

नवा कोण, मुरलेला कोण

नवख्याला सल्ला सरळ आहे: १० ते १२ फूट, ३१ ते ३४ इंच रुंद, वल्ह्याची, टणक सिट-ऑन-टॉप. उरलेल्या पैशांतून चांगलं हलकं वल्हं आणि नीट बसणारं लाइफ जॅकेट. जड वल्हं दिवसभरात हजारो वेळा उचलायचं असतं, तिथे काटकसर खांद्यात निघते. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, सीटमागे बांधायचं नसतं.

मुरलेल्या माणसाची अडचण वेगळी. खडकावरचा त्याचा १० फुटी रॉड इथे अडचणीचा ठरतो. बसून मासा जवळ आणायचा तर साडेसहा-सात फुटांचा, आखूड मुठीचा रॉड हवा. तो अगदीच लहानही चालत नाही, कारण मासा कयाकच्या टोकाखालून पलीकडे गेला की रॉडचं टोक कयाकच्या नाकाला वळसा घालू शकलं पाहिजे. त्याला पेडल परवडत असेल आणि उतरायची जागा पक्क्या उतारावर असेल, तर पेडल शोभतं. उभं राहून कास्ट करायची हौस असेल तर ३४-३६ इंची रुंदी लागेल, आणि रुंदीबरोबर वजन वाढतं, वेग कमी होतो. उंच खुर्चीवर बसणं कमरेला सुखाचं, पण गुरुत्वमध्य वर जातो. पहिले काही दिवस खुर्ची खालच्या खाचेतच ठेवावी.

आणखी एक, अनुभवी माणूस नांगर टाकायची सवय होडीतून घेऊन येतो. होडी बाजूने बांधली तरी चालते, कयाक ओहोटीच्या प्रवाहात बाजूने बांधली तर झोपते. नांगराची दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच जायला हवी. अँकर ट्रॉली, म्हणजे नांगराची दोरी टोकापर्यंत सरकवायची कप्पी-दोरी, त्यासाठीच असते. दोरी क्षणात सोडता आली पाहिजे आणि तिच्या टोकाला फ्लोट हवा, म्हणजे मासा घेऊन परत आल्यावर नांगर सापडेल.

पाणी कोणतं

तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोळ्यांचा जुना हिशेब आहे. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. मालवण-गोव्याकडे भरती थोडी आधी येते, नेमकी वेळ तक्त्यात बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. त्या दिवशी सहा वाजता उतरायला गेलात तर नेमकी पूर्ण ओहोटी, म्हणजे चिखल. नवख्यासाठी दशमी ते द्वादशी सोयीची: भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस नुकतेच सरत असल्याने पाण्याला ओढ कमी, भरती चढताना निघायचं आणि पाणी उतरायच्या आत परतायचं. एकादशीला मासे धरायला निघालात तर घरी काय ऐकावं लागेल ते तुमचं तुम्ही बघा.

आरामात वल्हवणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी प्रवाहही तेवढाच असू शकतो. म्हणजे तुम्ही वल्हवताय आणि किनाऱ्यावरचं माडाचं झाड जागचं हलत नाही. पेडलवाल्यालाही तिथे फार फरक पडत नाही.

उघड्या समुद्रात मतलई वारे फसवतात. पहाटे वारा जमिनीकडून येतो, किनाऱ्याजवळ लाट उठत नाही, समुद्र तळ्यासारखा दिसतो, आणि कयाक गुपचूप बाहेर सरकत राहते. दुपारकडे खारे वारे सुटतात, ते घराकडे ढकलतात खरे, पण लाटा उठवतात. नवख्याने पहिल्या हंगामात खाडीबाहेर जाऊ नये. मुरलेल्यानेही सोबत कोणी असेल तरच जावं, फोन पाण्यापासून बचावणाऱ्या पिशवीत ठेवावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यात साठवावा. पावसाळ्यात, १ जूनला यांत्रिक मासेमारीची बंदी लागते त्या दिवसांत, कयाकही घरीच ठेवावी. कायद्यापेक्षा लाट मोठी असते म्हणून.

चिपळूणजवळ वाशिष्ठीत, महाडला सावित्रीत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे पाय पाण्यात सोडून बसायची कयाक, किंवा रबरी, मी नेणार नाही.

धरणांचा मामला सोपा. उजनीत चिलापी, इतरत्र मरळ, कटला, रोहू. प्रवाह नाही, कालवं नाहीत, तिथे फुगवायचीही चालते. पण बहुतेक जलाशयांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, पाटबंधारे खात्याची मनाईही असू शकते. आधी विचारून परवानगी घ्या.

परदेशात, ह्यूस्टनकडे वगैरे असाल, तर गणित पलटतं. उतरायला सिमेंटचे रॅम्प, कयाकसाठी ट्रेलर, आणि वापरलेल्या पेडल कयाकचा भरपूर बाजार. तिथे पेडल घ्यायला हरकत नाही. टेक्सासच्या खाऱ्या पाण्यात गरवायला परवान्यावर वेगळी नोंद लागते, तेवढं पाहा.

इथे वापरलेली घ्यायची वेळ आली तर वर चढवलेले रॉड होल्डर बघून भुलू नका. उलटी करा. स्कपरच्या भोकांच्या कडांना आणि तळाच्या मधल्या रेघेवर केसासारखे तडे आहेत का ते नखाने चाचपा. ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) काढून पुढून-मागून उचला, पाणी खळखळलं तर कुठून तरी आत शिरतंय. पेडलची असेल तर ड्राइव्ह बाहेर काढून हाताने फिरवा, करकर आवाज आला तर आत मीठ बसलंय. हे सगळं झाल्यावर ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवून बघा. विकणाऱ्याने हात लावायचा नाही.