लिनक्सवरून फ्रीबीएसडीवर जाताना एक्सएफसीई कितपत सोबत येते?

एक्सएफसीई हे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरील खिडक्या, मेनू आणि पॅनेल (चिन्हांची पट्टी) सांभाळणारा संच, मी अनेक वर्षे लिनक्सवर वापरत आलो आहे आणि फ्रीबीएसडी या युनिक्स परंपरेतील दुसऱ्या कार्यप्रणालीकडे वळताना तेच सोबत नेले. घडी बसलेले पॅनेल आणि हाताला सवयीचे झालेले शॉर्टकट नव्या यंत्रणेवर पहिल्यापासून लावावे लागतात की नाही, याच एका निकषावर मी ते येथे पारखले आहे.

त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे बहुतेक सेटिंग्ज साध्या एक्सएमएल (मजकूर म्हणून वाचता येणाऱ्या) फायलींत, होम डिरेक्टरीतील ‘.कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरमध्ये एकत्र असतात. पॅनेलची फाइल वेगळी, शॉर्टकटची वेगळी, खिडक्या हाताळणाऱ्या विंडो मॅनेजरची वेगळी. मात्र डेस्कटॉप चालू असताना त्या फायली बदलू नयेत. एक्सएफकॉन्फ ही मागे चालणारी सेवा सेटिंग्ज मेमरीत धरून ठेवते आणि तीच जुनी मूल्ये फायलीत परत लिहिते, त्यामुळे माझे पॅनेल पहिल्या खेपेस पुन्हा मूळ रूपात आले. दुसऱ्या खेपेस लॉगआउट करून, कन्सोलवरून (फक्त मजकुराच्या पडद्यावरून) फायली आणल्या, तेव्हा प्रत्येक बटण जागच्या जागी होते. तो क्षण खरोखर समाधानाचा होता.

डेस्कटॉपच्या खालचा थर मात्र सोबत येत नाही. एक्सऑर्ग (पडद्यावर चित्र व खिडक्या दाखवणारी ‘एक्स’ प्रणाली) आणि ग्राफिक्स ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात, प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी डी-बस सेवा ‘आरसी.कॉन्फ’ या यंत्रणेच्या सेटिंग फायलीमध्ये चालू करावी लागते आणि आपले खाते ‘व्हिडिओ’ गटात घालावे लागते. नेटवर्क जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम लिनक्सशी बांधलेला असल्याने पॅनेलवरील वाय-फायचे चिन्ह मी काढून टाकले.

वॉलपेपरही दिसेना. फ्रीबीएसडीवर पॅकेजे ‘/यूएसआर/लोकल’खाली बसतात आणि माझ्या फायलीत चित्राचा पत्ता ‘/यूएसआर/शेअर’ असा पूर्ण लिहिलेला होता. मध्ये ‘लोकल’ हा एक शब्द घालताच चित्र उमटले. दुसऱ्या यंत्रणेवर जाण्यापूर्वी असे पूर्ण लिहिलेले पत्ते शोधून काढावेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आयकॉन न दिसण्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते.

पुढे तेच फोल्डर मी ओपनबीएसडी या फ्रीबीएसडीच्याच कुळातील कार्यप्रणालीवरही नेले. तेथे एक्स मूळ संचातच, झेनोकारा या नावाने मिळते आणि पॅकेजे ‘/यूएसआर/लोकल’खालीच जातात, त्यामुळे दुरुस्त केलेली ती ओळ पुन्हा हात न लावता चालली.