कॅफे द फ्लोर : सार्त्रच्या वेटरच्या शोधात

पॅरिसच्या सँ-जेर्मँ बुलव्हारवरील या कॅफेत बहुतेक लोक फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांच्या नावासाठी येतात आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. जर्मन ताब्यातील पॅरिसमध्ये इंधनाची टंचाई असताना येथील शेगडीच्या उबेत बसून दोघे लिहीत असत. माणूस आपल्या निवडीतून स्वतःला घडवतो असे मानणाऱ्या अस्तित्ववादाच्या जडणघडणीत थंडीचाही वाटा होता म्हणायचा! लाल बाके, आरसे आणि लाकडी भिंती आजही जुन्या वळणाच्या आहेत.

माझे लक्ष मात्र वेटरकडे होते. सार्त्र यांनी 1943 मधील आपल्या मुख्य ग्रंथात अशा एका वेटरचे वर्णन केले आहे, ज्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ आणि अदब जरा जास्तच असते, कारण तो वेटर असण्याची भूमिका वठवत असतो. आपण दुसरे काही निवडू शकतो हे स्वतःपासून लपवणे, यालाच ते आत्मवंचना म्हणतात. लांब पांढऱ्या एप्रनमधील गृहस्थाने हॉट चॉकलेटचा जग टेबलावर ठेवला, त्याची मूठ डावीकडून उजवीकडे वळवली आणि किंचित झुकून ते निघून गेले. त्यांच्यावर हा सिद्धान्त लादताना मला संकोच वाटला, कारण पोटापाण्यासाठी अदब पाळणारा माणूस स्वतःला फसवतोच असे नाही, आणि तत्त्वज्ञ पर्यटकाची भूमिका तर मीच वठवत होतो.

चॉकलेट दाट, बेताचे गोड. दर चढे आहेत, पण जग रिकामा झाल्यावरही कोणी उठवले नाही.