अरीथा फ्रँकलिनची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज आणि सिनेमे: बरेच महिने ऐकल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून अमेरिकन सोल गायिका अरीथा फ्रँकलिनची मैफिलीतली रेकॉर्डिंग्ज आणि ती ज्यात दिसते ते सिनेमे माझ्याकडे आलटून पालटून चालू आहेत. कधी स्वयंपाक करताना, कधी रात्री हेडफोन लावून, घरात कोणी नसेल तेव्हा मोठ्या स्पीकरवर. नवीन संच हातात आला की आठवडाभरात पाच तारे देऊन मोकळं होणं सोपं असतं. काही महिने गेले की खरं चित्र दिसतं: काय पुन्हा पुन्हा लावलं जातंय आणि कशावर बोट आपोआप पुढे सरकतंय.

माझ्याकडे काय काय आहे ते आधी सांगतो. 1968चा पॅरिसचा कार्यक्रम. 1971चा सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्मोर वेस्टमधला, मूळ अल्बम आणि 2005मध्ये निघालेला चार सीडींचा संच असा दोन्ही रूपांत. 1972चा ‘अमेझिंग ग्रेस’, तोही अल्बम, 1999चा दोन सीडींचा पूर्ण संच आणि 2018मध्ये बाहेर आलेला सिनेमा अशा तीन अवतारांत. शिवाय 1980चा ‘द ब्लूज ब्रदर्स’ हा सिनेमा आणि 1998, 2015चे टीव्हीवरचे दोन तुकडे. स्टुडिओतली गाणी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. ती सगळ्यांना ठाऊक आहेत.

एवढं ऐकल्यावर माझं मत एकाच मुद्द्यावर येऊन थांबलंय. अरीथा स्वतः पियानोवर बसते, किंवा तिच्या अगदी जवळचा माणूस पियानोवर असतो, तेव्हाचं रेकॉर्डिंग टिकतं. नुसता आवाज पुढे करून उभी राहते तेव्हा आपण थक्क होतो, टाळ्या वाजवतो आणि परत फारसं लावत नाही.

हे उगाच म्हणत नाही. अरीथा 1942ची, जन्म मेम्फिसचा, पण वाढली डेट्रॉइटमध्ये, वडील सी. एल. फ्रँकलिन यांच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये. चर्चमधला पियानो ती लहानपणीच वाजवायला लागली. 1960पासून काही वर्षं कोलंबिया कंपनीने तिच्याकडून जॅझ, नाटकातली गाणी, हलकंफुलकं असं बरंच काही गाऊन घेतलं. गळा तोच, तरी हाताला फारसं लागलं नाही. मग निर्माता जेरी वेक्सलरने तिला अटलांटिक कंपनीत आणलं. जानेवारी 1967मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत ती पियानोवर बसली आणि त्याच वर्षी ‘रिस्पेक्ट’सारख्या गाण्यांनी ती घराघरात पोचली. तिच्या गाण्याची लय डाव्या हातात असते. शब्द मागे खेचायचा, की तो यायच्या आधीच स्वर सोडून द्यायचा, हे हात ठरवतो. कोणी दुसरा साथीला बसला की हा निर्णय वाटून घ्यावा लागतो.

पॅरिसच्या रेकॉर्डिंगपासून सुरुवात करतो, कारण तिथेच लवकर आटपता येईल. 7 मे 1968, ऑलिंपिया सभागृह. बाहेर लॅटिन क्वार्टरमध्ये विद्यार्थी आणि पोलीस एकमेकांना भिडलेले, आत अरीथा ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने सुरुवात करतेय. कागदावर यापेक्षा भारी काय असणार? प्रत्यक्षात वाद्यवृंद सतत पळतोय. ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं) कर्कश, लय धावती, आणि गाणी ओळीने उरकल्यासारखी होतात. तिच्या आवाजात खोट काढायला जागा नाही, पण दम घ्यायलाही जागा नाही. पहिले काही दिवस मी हे उत्साहाने लावलं, आता महिनोन् महिने हात लागत नाही. गाडी चालवताना ठीक आहे.

फिल्मोर मात्र वेगळंच प्रकरण. 5, 6 आणि 7 मार्च 1971, तीन रात्री. बिल ग्रॅहमचं ते सभागृह म्हणजे लांब केसवाल्या रॉकप्रेमी पोरांचा अड्डा. त्याला अरीथाचं मानधन परवडणारं नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंगच्या बोलीवर वरचा खर्च अटलांटिकने उचलला. हे लोक आपलं गाणं घेतील का, अशी धाकधूक तिच्या गोटात होती. म्हणून कार्यक्रमात बीटल्सचं ‘एलनर रिग्बी’ आहे, ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ आहे, स्टीफन स्टिल्सचंही एक गाणं आहे. पहिल्यांदा ऐकताना याच ओळखीच्या चालींनी मला पकडलं. आता मी त्या बऱ्याचदा ओलांडून थेट ‘डॉ. फीलगुड’वर जातो.

तिथे ती इलेक्ट्रिक पियानोवर आहे. गाणं संथ, इतकं संथ की नवख्याला वाटावं साथीदार झोपले. पण कान देऊन ऐका. बर्नार्ड पर्डीचा ड्रम, जेरी जेमॉटचा बेस, कॉर्नेल डुप्रीची गिटार, ऑर्गनवर बिली प्रेस्टन, सगळे तिच्या हाताकडे बघून पुढचं पाऊल टाकतायत. कीर्तनात बुवांनी चरण अर्धा सोडावा आणि टाळकऱ्यांनी तो नेमका उचलावा, तसं चाललेलं असतं. फरक एवढाच, की इथे समोरची हिप्पी मंडळीही बघता बघता टाळकरी होतात. गाणं नवरा-बायकोच्या शेजेबद्दलचं आणि शेवट मात्र थेट चर्चमधला. दोन्हीत अंतर आहे असं तिला कधी वाटलं नसावं.

शेवटच्या रात्री प्रेक्षकांत गायक-पियानोवादक रे चार्ल्स आहे असं कळतं आणि ती त्याला हाताला धरून स्टेजवर आणते. ‘स्पिरिट इन द डार्क’ पुन्हा सुरू होतं. त्याला गाणं पाठ नाही हे ऐकताना कळतं, आणि त्यातच मजा आहे. ती त्याला ओळ देते, तो भलतंच काही करून परत देतो. पहिल्या वेळी मला हे लांबण वाटलं होतं. आज माझ्याकडच्या सगळ्या संग्रहात सर्वांत जास्त वाजलेला तुकडा हाच.

चार सीडींचा संच घ्यावा का? मूळ अल्बममध्ये तीन रात्रींतून निवडलेली गाणी आहेत. संचात तिन्ही रात्री. म्हणजे ‘रिस्पेक्ट’ पुन्हा, ‘डॉ. फीलगुड’ पुन्हा. एकाच बंदिशीची तीन वेगवेगळी मुद्रणं शेजारी ठेवून ऐकणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी हे घबाड आहे. कोणत्याही दोन रात्री ती एकच वाक्य एकाच जागी टाकत नाही. बाकीच्यांना मूळ अल्बम पुरे. एक मात्र सुचवतो: सॅक्सोफोनवाला किंग कर्टिस या वाद्यवृंदाचा म्होरक्या. त्याच्या स्वतःच्या फिल्मोर अल्बमच्या सुरुवातीला तो ‘मेम्फिस सोल स्ट्यू’मध्ये एकेका वादकाला मसाल्यासारखा पातेल्यात टाकत ओळख करून देतो. ते आधी ऐका, मग अरीथाच्या मागे कोण काय करतंय हे वेगवेगळं ऐकू यायला लागतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला कर्टिसचा भोसकून खून झाला.

आता ‘अमेझिंग ग्रेस’. 13 आणि 14 जानेवारी 1972, लॉस एंजेलिसमधलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. ही इमारत पूर्वी थिएटर होती, त्यामुळे भाविक थिएटरच्या खुर्च्यांवर बसलेत आणि मागे भिंतीवर येशूचं ऐसपैस चित्र. सूत्रं रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँडकडे, सोबत सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद. अटलांटिकने आवाज टेपवर उत्तम घेतला. चित्रीकरणाची जबाबदारी दिग्दर्शक सिडनी पोलॅकवर होती. त्याच्या माणसांनी ढीगभर फिल्म वापरली, पण प्रत्येक शॉटच्या आधी क्लॅप दिलाच नाही. आवाजाशी चित्र जुळवायचं कशाच्या आधाराने? जुळलं नाही, आणि सिनेमा डब्यात गेला. अल्बम मात्र जूनमध्ये निघाला आणि एकट्या अमेरिकेत 20 लाखांच्या वर खपला. पुढे निर्माता अ‍ॅलन एलियटने ते साहित्य मिळवून डिजिटल तंत्राने जुळवून घेतलं. तोवर पोलॅक गेला होता. अरीथाने 2011मध्ये कोर्टात दावा लावला, 2015मध्ये टेल्युराइड चित्रपट महोत्सवातला खेळ कोर्टाकडून थांबवला. 16 ऑगस्ट 2018ला ती गेली, घरच्यांनी संमती दिली आणि त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कला सिनेमा दाखवला गेला. तिने हयातभर अडवलेली गोष्ट आपण आरामात बघतोय, ही टोचणी मला प्रत्येक वेळी थोडी लागते. तरी बघतोच.

सिनेमा दीड तासाच्या आतबाहेर. सुरुवातीला ती पियानोवर बसून मार्विन गेचं ‘होली होली’ गाते. त्यानंतर ती बराच वेळ उभी आहे आणि पियानोवर क्लीव्हलँड. माझ्या मताला इथे धक्का बसायला हवा, कारण ‘अमेझिंग ग्रेस’ हे जवळपास 11 मिनिटांचं गाणं ती उभ्यानेच गाते आणि यापेक्षा मोठं गाणं मी कुठल्याही भाषेत फार ऐकलेलं नाही. पण क्लीव्हलँड हा कोणी परका साथीदार नाही. तो डेट्रॉइटला फ्रँकलिनांच्या घरी राहिलेला, त्यांच्या चर्चमधलं संगीत सांभाळलेला. लहानग्या अरीथाच्या पियानोवर त्याचाच ठसा. म्हणजे ज्या हातावरून तिचा हात वळला तोच साथीला आहे. गाणं असं वर जातं, की तो पियानो सोडतो आणि रुमालात तोंड खुपसून रडत बसतो.

सिनेमात ती जवळजवळ बोलतच नाही. दोन गाण्यांमधलं निवेदन, थट्टा, सगळं क्लीव्हलँड करतो. ती डोळे मिटून, पहिल्या दिवशी पांढऱ्या झग्यात, दुसऱ्या दिवशी हिरव्यात, कपाळावर घामाचे थेंब. दुसऱ्या रात्री वडील येतात, बोलायला उभे राहतात. पुढच्या रांगेत क्लारा वॉर्ड, जिला बघून ती गायला शिकली. एक क्षण तर मी किती वेळा मागे नेऊन पाहिलाय: ती पियानोवर गातेय आणि वडील उठून रुमालाने तिचा चेहरा पुसतात. ती थांबत नाही, मान हलवत नाही, गातच राहते. तिशीला टेकलेली, जगभर गाजलेली बाई, आणि त्या रुमालाखाली एकदम मुलगी. अल्बममध्ये हे ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या खुर्च्यांत ‘रोलिंग स्टोन्स’चे मिक जॅगर आणि चार्ली वॉट्स आहेत. पॅरिसला तिने ज्या जॅगरच्या गाण्याने सुरुवात केली तो गडी इथे मागे उभा राहून टाळ्या वाजवतोय.

‘नेव्हर ग्रो ओल्ड’ हे तिचं जुनं गाणं. चौदाव्या वर्षी वडिलांच्या चर्चमध्ये ते रेकॉर्ड झालं होतं, 1956मध्ये. 16 वर्षांनी इथे तेच ती परत पियानोवर बसून गाते. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ लावून बघा. मूळ आवाज तेव्हाच पूर्ण होता, फक्त घाई होती.

तक्रारी आहेत. 16 मिलिमीटरची फिल्म, चित्राला रवा भरपूर. कॅमेरावाले एकमेकांच्या चौकटीत घुसतात, पोलॅक स्वतः हातवारे करत फिरताना दिसतो. सवय झाल्यावर यात गंमत वाटते, पण टीव्हीचा पडदा मोठा असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. आवाज ऐकायचा असेल तर 1999चा पूर्ण संचच हवा. मूळ अल्बममध्ये क्रम बदललेला आहे, इथे दोन्ही रात्री जशा झाल्या तशा, दोन तासांहून जास्त. क्लीव्हलँडची बडबड, क्वायरची हालचाल, मध्येच ओरडणारी एखादी बाई, हे सगळं राहू दिलंय. त्यानंतर दोन आठवड्यांत, 27 जानेवारीला, महालिया जॅक्सन गेली. गॉस्पेलची, म्हणजे चर्चच्या भक्तिसंगीताची, ती राणी 1971मध्ये भारतातही येऊन गाऊन गेली होती. त्या पिढीचं गाणं कुणाच्या गळ्यात उतरलं होतं याचा पुरावा इतक्या वेळेवर टेपवर आला, हा योगच.

‘द ब्लूज ब्रदर्स’बद्दल माझं मत खाली-वर होत राहतं. शिकागोतलं खानावळवजा हॉटेल, अरीथा एप्रन आणि सपाता घालून, नवऱ्याच्या भूमिकेत गिटारवाला मॅट मर्फी, आणि ती त्याला ‘थिंक’ गाऊन दम भरते. अभिनय फक्कड. पण ओठ नीट पाहा, काही ठिकाणी आवाज आणि तोंड वेगळं चालतंय. दिग्दर्शक जॉन लँडिसने नंतर सांगितलंय, की तिला प्लेबॅकवर ओठ हलवणं जड गेलं, कारण ती एकदा गायलेलं तसंच परत गात नसे. तुकडे जोडून ते गाणं उभं केलंय. हिंदी सिनेमावर वाढलेल्या आपल्याला हे चटकन दिसतं. फार खटकत नाही, पण पियानोवर बसवलं असतं तर? माझी खरी हळहळ दुसरी आहे. याच सिनेमात चर्चचा प्रसंग आहे, तिथे जेम्स ब्राउन ‘ओल्ड लँडमार्क’ गातो आणि मागे जेम्स क्लीव्हलँडचा क्वायर आहे. तेच गाणं अरीथाने 1972ला गायलं, त्याच क्लीव्हलँडसोबत. सिनेमात मात्र ती हॉटेलात आणि चर्च दुसऱ्याचं.

1998च्या ग्रॅमी समारंभात ऑपेरा गायक पावारोत्ती आजारी पडला म्हणून ऐनवेळी ती ‘नेसून दोर्मा’ हे ऑपेरातलं गाणं गायली, त्याच्याच पट्टीत, त्याच्यासाठी बांधलेल्या वाद्यवृंदावर. एकदा जरूर पाहा. मी दुसऱ्यांदा फारसं पाहिलेलं नाही.

2015चा केनेडी सेंटरचा तुकडा याच्या अगदी उलट. सत्कार गीतकार-गायिका कॅरोल किंगचा, गाणं तिने गेरी गॉफिनबरोबर अरीथासाठी लिहिलेलं ‘नॅचरल वुमन’. 73 वर्षांची अरीथा लांब फरकोटात येते, हातातली पर्स पियानोवर ठेवते आणि वाजवायला बसते. आवाज खाली आलाय, हात अजून तोच. वर सज्ज्यात कॅरोल किंगचा ताबा सुटलाय, ओबामा डोळा पुसतायत. शेवटी ती उठून कोट खाली टाकते तेव्हा सभागृह उभं राहतं. लोक कोट टाकण्यासाठी हा तुकडा पाहतात. मी पहिल्या दोन मिनिटांसाठी.

1980च्या दशकात एका विमानप्रवासात घाबरल्यावर तिने विमान कायमचं सोडलं, त्यामुळे उत्तर अमेरिकेबाहेरच्यांना पुढे तीसेक वर्षं ही अशी रेकॉर्डिंगच हाताशी होती.

नव्याने सुरू करणाऱ्याने आधी ‘अमेझिंग ग्रेस’ सिनेमा पाहावा, मग त्याचाच पूर्ण संच, मग फिल्मोर. पॅरिस उधार मिळालं तर ऐका, विकत घेऊ नका. आणि क्वायर असलेली गाणी फोनच्या स्पीकरवर लावू नका: सगळे आवाज एकात एक मिसळतात आणि पियानोचा डावा हात तर पूर्णच नाहीसा होतो.