माशांविना सायकलिंग: खाऱ्या पाण्याच्या टाकीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

खाऱ्या पाण्याची नवी टाकी मासे न सोडता, केवळ अमोनियम क्लोराइड आणि बाटलीबंद जिवाणू वापरून तयार करण्याची पद्धत मी निवडली होती. आता टाकीत क्लाउनफिशची जोडी, गोगलगायी आणि काही मऊ प्रवाळ स्थिरावून बरेच महिने झाले असल्याने या पद्धतीविषयी खात्रीने लिहिता येईल. सायकल म्हणजे माशांच्या उत्सर्जनातून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजवणे. ती पूर्ण झाली की नाही, हे किती आठवडे लोटले यावरून ठरवू नये. टाकी एका दिवसात किती अमोनिया पचवते यावरून ठरवावे. ही क्षमता आकड्यांत मोजता येते, हाच मला या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

टाकी सुरू करण्यासाठी काटक डॅमसेल मासे सोडण्याची जुनी प्रथा अजूनही सुचवली जाते. मला ती मान्य नाही. पाण्याचा पीएच एका अंकाने वाढला की एकूण अमोनियापैकी विषारी, मुक्त अमोनियाचे प्रमाण जवळपास दहापट होते आणि खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात एखादा मासा सोसू शकेल एवढा अमोनिया इथे त्याचे कल्ले जाळतो. शिवाय डॅमसेल जगलाच, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला तो हुसकावत राहतो. कोळंबीचा तुकडा कुजवण्याच्या पद्धतीत कोणत्याही सजीवाला त्रास होत नाही, परंतु त्यातून किती अमोनिया सुटला हे आपल्या हातात राहत नाही आणि पाण्यात फॉस्फेट मात्र वाढते.

पूर्वतयारीबद्दल थोडक्यात सांगतो. आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेले शुद्ध) पाणी, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) खारेपणा, २६ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान, अरागोनाइट (चुनखडीयुक्त) वाळू, कोरडे (सजीव नसलेले) खडक आणि भरपूर प्रवाह एवढे पुरेसे आहे. नायट्रीकरणाला, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करण्याच्या जिवाणूंच्या कामाला, ऑक्सिजन फार लागतो, म्हणून पृष्ठभाग सतत हलता ठेवावा. दिवे बंदच असावेत, कारण या काळात प्रकाशाचा लाभ फक्त शेवाळाला होतो. जिवाणू ओतल्यानंतर पहिले काही दिवस स्किमर (फेसावाटे घाण काढणारे यंत्र) आणि पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवाही बंद ठेवावा. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर न जुळवता ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा. तसे केल्यावर त्याच्या आकड्यावर मला पूर्ण विश्वास ठेवता आला.

बाटली घेताना ती खाऱ्या पाण्यासाठीच आहे ना, मुदत शिल्लक आहे ना आणि ती उन्हात किंवा उष्ण जागी ठेवलेली नव्हती ना, हे पाहावे. अमोनिया मी दोन पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत दोन भाग) नेला. पाचच्या वर गेल्यास जिवाणूंची वाढ उलट खुंटते, तेव्हा जास्त खाद्य दिल्याने काम लवकर होईल ही समजूत सोडून द्यावी. अमोनिया तुलनेने लवकर उतरू लागतो. खरी परीक्षा असते ती नायट्राइटची, कारण त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू अधिक सावकाश वाढतात आणि चाचणीच्या नळीतला रंग दिवसेंदिवस गडदच राहतो. या टप्प्यावर अनेक जण धीर सोडून पाणी बदलतात, आणखी एक बाटली ओततात किंवा अमोनिया वाढवतात. मी तापमान आणि प्रवाह कायम ठेवून वाट पाहिली आणि तेवढेच पुरेसे ठरले.

इथे टेस्ट किटचा एक धोका नीट समजून घ्यायला हवा. पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी त्यालाही नायट्रेट म्हणून मोजते आणि आकडा कितीतरी पटींनी फुगवून दाखवते. म्हणून नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही. दुसरे असे की समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि ते कल्ल्यांवाटे आत शिरू पाहणाऱ्या नायट्राइटला अडवते, त्यामुळे खाऱ्या पाण्यातील माशांना नायट्राइट गोड्या पाण्याइतका घातक नसतो. तरीही मी तो शून्य होईपर्यंत थांबलो, कारण दुसरा जिवाणूगट रुजल्याचा तोच पुरावा आहे. दोन पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, आणि तसे पुन्हा पुन्हा होऊ लागले, तेव्हाच मी सायकल पूर्ण मानली.

अल्कलिनिटीकडे, म्हणजे आम्ल सोसून पीएच टिकवण्याच्या पाण्याच्या क्षमतेकडे, मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. नायट्रीकरणात आम्ल तयार होते आणि दोन पीपीएम अमोनिया-नायट्रोजनमागे अल्कलिनिटी सुमारे ०.८ डीकेएचने (हे अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) घटते. वारंवार मात्रा दिल्यास हा खड्डा मोठा होतो, पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात. शेवटी मी मोठ्या प्रमाणात पाणी बदलले, तेव्हा नायट्रेट उतरले आणि अल्कलिनिटी भरून निघाली. जिवाणू पाण्यात नव्हे तर खडक आणि वाळूच्या पृष्ठभागावर चिकटून राहत असल्याने या बदलाने त्यांचे काही बिघडले नाही.

त्यानंतरच्या महिन्यांत मासे सोडल्यावर अमोनिया एकदाही दिसला नाही. परंतु कोऱ्या खडकांची किंमत नंतर मोजावी लागते. दिवे लावल्यावर आधी डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर आला, त्यामागोमाग केसाळ हिरवे शेवाळ आले, आणि काही कोरडे खडक फॉस्फेट सोडत असल्याने ते लवकर हटले नाही. जिवंत खडकात (जिवाणू आणि इतर सागरी जीव आधीच वसलेल्या) हा काळ सहसा सौम्य असतो, मात्र त्यासोबत एप्टेशिया (झपाट्याने पसरणारे समुद्रफूल) किंवा मँटिस श्रिंपसारखे (शिकारी कवचधारी प्राणी) नको असलेले पाहुणेही येऊ शकतात. मी पुन्हा कोरडेच खडक घेईन, फक्त खात्रीच्या टाकीतला जिवंत खडकाचा एक लहान तुकडा आणि कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) सुरुवातीलाच सोडीन. मासे सोडण्यापूर्वी काही दिवस लागतील असे दिसले, तर अमोनियाची लहान मात्रा अधूनमधून चालू ठेवावी. पहिल्या माशांनंतर पुढचा मासा आणण्याआधीही काही आठवडे जाऊ द्यावेत, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणातच टिकते.